आईच्या नावाची गळती

डिचोली,
११ जानेवारी २०१६

ती. अक्कास सगुणचा सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "खाण बंद पडून चौथं वर्ष चालू आहे, तू दिवसभर करतोस तरी काय?" असं विचारलंयस. आता चोपन्नाव्या वर्षी हे विचारलंसच, तर या हातांनी काय काय केलं ते एकदा लिहूनच कळवतो. फोनवर सांगितलं तर तुला ऐकू जात नाही आणि सगळ्या डिचोलीला जातं.

आईच्या आदोळीचा, म्हणजे विळीचा, पाट. फणसाच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता बसवलेला. पातं झिजून गेलं, पाट अजून तसाच आहे. डंपरच्या चाकातली बेअरिंग न फोडता बाहेर ओढायचं यंत्र. ते आमच्या वर्कशॉपच्या साहेबाने कंपनीला आपलं म्हणून दाखवलं, त्यावर माझं नाव नव्हतं. पितळेच्या समया. कासार आपल्या पोरांशिवाय कुणाला शिकवत नाहीत, म्हणून मी मोडकी समई विकत घेतली, तिचे तुकडे केले आणि पुन्हा उभी केली. तिसऱ्यांदा ती डुलली नाही, तेव्हा समजलं की आली. तुझ्या न्हाणीतल्या भाणाला, पाणी तापवायच्या हंड्याला, मारलेला डाग, जो कुठे आहे हे तुला अजून सापडलेलं नाही. तुझ्या कानातल्या यंत्राची कडी, छत्रीच्या तारेची. आणि तुमच्या आंबेखणच्या महादेवावरची तांब्याची गळती, जिच्या काठावर आईचं नाव कोरलंय. पत्र्याचा तुकडा ठोकून ठोकून भांडं केलं, कुठेही जोड नाही. ही एकच वस्तू मी नावासकट केली.

आता नवीन काम आलंय. हरमलचा शंभू आठवतो? तुझ्या शाळेत होता, तुझाच विद्यार्थी, शेंबडा. बारा वर्षं बोटीवर दारूचं काउंटर सांभाळून परत आलाय. समुद्राकडच्या वाटेवर त्याने आठ खुर्च्यांचं छोटंसं दुकान काढलंय. तिथे एकच दारू मिळणार, परदेशातली, हिरवी. ती तशीच पीत नाहीत. काचेच्या कोपावर भोकांची कुलेर, चमचाच तो, आडवी ठेवायची, तिच्यावर साखरेची वडी, आणि वरून पाणी पडायला हवं थेंब थेंब. त्याला चार तोट्यांचं उभं भांडं हवंय. मला म्हणाला, "मेस्त, बोटीर हांवें हें भांडें पयलें पळयलें तेन्ना माका आमच्या देवळांतली गळतीच याद जाली. परदेशांतसून हाडूंक कित्याक? ती करपी मनीस आमचोच आसा."

मी हो म्हटलंय.

एक कळव. गळतीचा थेंब कसा पडतोय? तुला ऐकू येणार नाही, म्हणून पाहा. आधीचा थेंब पिंडीवर फुटला की मगच दुसरा सुटायला हवा. त्याआधी सुटत असेल तर भोकातली वात सैल झाली. शिवरात्रीला येईन तेव्हा दरवर्षीप्रमाणे बदलीन.

तुझा
सगुण

*

आंबेखण, पेडणे,
२० जानेवारी २०१६

चि. सगुण यास अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. यादीत एक राहिलं. लहानपणी स्वतःच्या पाटीची चौकट तू "दुरुस्त" केलीस आणि पाटीचे दोन तुकडे झाले. तेही या हातांनीच.

बाकी आता हसणं पुरे. दारूच्या दुकानाचं काम तू घेऊ नयेस असं मला वाटतं. यजमान कशाने गेले ते तुला माहीत आहे. शेवटच्या वर्षी घरातली तांब्याची घागर विकून ते हुर्राक प्यायले, आणि मी मुलांना शाळेत "नशापाणी वाईट" हा धडा शिकवत होते. पोरं माझ्याकडे बघायची. हिरवी असो की पांढरी, माझ्या लेखी ती एकच.

शंभूला मी ओळखते. वाईट पोर नाही. पण तो गावभर सांगत सुटलाय, "आमच्या देवळाची गळती केली तोच मेस्त माझी करतोय." अरे, असं कुणी सांगतं का? काल बाजारात देवळाच्या कमिटीचा पांडुरंग भेटला. माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "विनोदिनीबाय, तुजो भाव आता दारूक अभिषेक करता म्हणे!" मासळीवाल्या बायकासुद्धा हसल्या. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. काही वेळा हे बहिरेपण बरं पडतं.

तुला काम हवं हे मला कळतं. दुसरं काही बघ. कुणाला समया हव्या असतील, कुणाच्या दाराच्या बिजागऱ्या. गळती चांगली आहे. तिची चिंता करू नकोस.

गुडघे तसेच. गेल्या वेळचा ओल्या काजूच्या उसळीचा मसाला संपला, वहिनी करणार असेल तर पाठव.

तुझी
अक्का

*

डिचोली,
१५ फेब्रुवारी २०१६

ती. अक्कास सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काम हातात असताना मला लिहिता येत नाही.

काम पुरं झालं आणि हरमलला नेऊन बसवलंही. तू रागावशील, पण तुला न सांगता केलं असं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर कळवतो.

मधलं भांडं तांब्याचं, आतून कल्हई. खांब पितळेचा. चार तोट्यांत सगळा जीव गेला. शंभूने बोटीवरच्या भांड्याचा फोटो दिला होता. त्यात तोट्या नुसत्या फिरवायच्या. कमी फिरवली तर पाणी बंद, जास्त फिरवली तर धार. मी फोटो बाजूला ठेवला आणि गळतीचंच मोजमाप घेतलं. तोटीच्या आत तसंच भोक, तशीच वात. तोटी कितीही उघड, थेंबच येणार. माणसाची घाई भांड्याला कळता कामा नये. हे मी त्या गळतीकडून शिकलो, दुसऱ्या कुणाकडून नाही. म्हणजे शंभू गावात सांगतो ते खोटं नाही. पण त्याने सांगायला नको होतं, ते मी त्याला बजावलं.

दुकान कसं आहे ते सांगतो. त्याचं नाव "दवणो". आत शिरलं की आधी डोळ्यांना काही दिसत नाही. खिडक्यांना हिरवी काच, दिव्यांवर हिरव्या काचेच्या टोप्या, भिंतीवर शंभरेक वर्षांपूर्वीच्या परदेशी जाहिरातींची चित्रं, त्यांतल्या बाया हिरवा झगा घालून हवेत तरंगतायत. माणसांची तोंडं कावीळ झाल्यासारखी दिसतात. शंभूची बायको शेवंती काउंटरमागे उभी असते. ती म्हणाली, "मेस्तानू, पयल्या दिसा माका वाटलां आपूण तळ्याच्या बुडाक बसलांय." मला तसंच वाटलं. बाहेर स्कूटरींचा आवाज, आणि आत तळ.

मी म्हटलं, नाव दवणो का? शंभूने बाटली उघडून माझ्या नाकाखाली धरली. अक्का, खरंच दवण्याचा वास. ही दारू ज्या कडू झाडापासून करतात ते दवण्याचंच भावंड. आपण चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्याचं.

मग त्याने एक कोप भरून माझ्याच भांड्याखाली ठेवला. थेंब सुटला. साखर भिजली, विरघळली, कुलेरीच्या भोकांतून खाली गेली आणि त्या हिरव्या पाण्यात पांढरा धूर उतरू लागला. हळूहळू सगळा कोप नारळाच्या रसासारखा झाला. शंभू म्हणाला, "धार घाली जाल्यार हें असें जायना, मेस्त. तें थेंबाचेंच काम." दोन गोरे आणि एक बंगळूरचा पोरगा बोलायचे थांबून बघत होते. मी थेंब बघत होतो. चारही तोट्यांचा थेंब एकसारखा होता.

लपवत नाही. एक घोट घेतला. भांडं करणाऱ्याने एकदा तरी चाखलं पाहिजे, नाहीतर काय केलं ते कसं कळणार? कडू आहे, आणि मागून बडीशेप. पोट दुखलं की आई बडीशेपेचा काढा द्यायची ना, तसंच. एका घोटावर कोप ठेवून दिला. शंभूनेही आग्रह केला नाही.

आता शिवरात्र सात मार्चला आहे. मी आदल्या दिवशी येतो. नवी वात बरोबर आणतो आणि काजूचा मसाला पण.

तुझा
सगुण

*

आंबेखण,
२३ फेब्रुवारी २०१६

चि. सगुण यास आशीर्वाद.

या शिवरात्रीला येऊ नकोस. देवळात लादी बसवतायत, गाभारा बंद आहे, धूळच धूळ. माझेही गुडघे सुजलेत, पाहुणचार व्हायचा नाही. पुढच्या वर्षी बघू. मसाला पोस्टाने पाठव.

त्या घोटाबद्दल काही लिहीत नाही.

अक्का

*

डिचोली,
१९ मार्च २०१६

ती. अक्कास.

शिवरात्रीला तुझ्या सांगण्यावरून घरीच राहिलो. इथल्याच देवळात जाऊन आलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी माझे हात तांब्याला लागले नाहीत. वेळ जाता जात नव्हता.

गेल्या आठवड्यात शंभूचा निरोप आला की एक तोटी अडकली. समुद्राच्या खाऱ्या हवेने पितळेला हिरवट कळंक चढतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. तिनसांजेला हरमलला पोचलो. दुकान नुकतंच उघडलं होतं, कुणी नव्हतं. हत्यारांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि मान वर केली.

कोपऱ्यात गळती टांगलेली होती.

मी आधी ओळखलीच नाही असं नाही. आधी ओळखली, आणि मग तसं होऊ नये म्हणून दुसरी कुठली तरी असेल असं मनाला सांगत राहिलो. पण जोड नसलेलं भांडं या भागात दुसरं कोण करतं? काठावर एक पोचा होता, नवा. आणि पोच्याशेजारी आईचं नाव. कै. जानकीबाई. त्या हिरव्या उजेडात अक्षरं काळी दिसत होती. तिच्यातून पाणी सुटत होतं, थेंब थेंब, खाली काचेच्या मोठ्या हिरव्या वाडग्यात.

जवळ गेलो नाही.

शंभूला म्हटलं, "ही इथे कशी?" तो कोप पुसत राहिला. पुसलेलाच परत पुसला. मग म्हणाला, "मेस्त, माका इचारू नाकात. जेणी दिली तिका इचारा."

"कोणी दिली?"

"तुमच्या बहिणीन."

शेवंतीने त्याला गप्प केलं, "तूं ओगी राव मरे." बस. शंभू परत कोप पुसू लागला. मी तोटी न दुरुस्त करता बसस्टँडवर आलो. हत्यारं तिथेच राहिली. ती नंतर शंभूने कुणाबरोबर तरी पाठवली.

आता एवढंच विचारतो. लादी कुठे बसवली? धूळ कुठे होती? दारूवर तुझा राग आहे, माझ्यावर राग आहे, तो मी समजू शकतो. पण राग काढायला आईचं नाव दारूच्या दुकानात टांगायला हवं होतं? "आता घे, दोन्ही एका जागी बघ," असंच ना तुझ्या मनात? मास्तरीण होतीस, शिक्षा बरोबर शोधलीस.

मी फार थकलोय, अक्का. खाण बंद पडली तेव्हा थकलो नव्हतो. साहेबाने माझं यंत्र आपलं म्हणून दाखवलं तेव्हाही नाही. त्या तेवढ्या एका भांड्यावर नाव होतं.

उत्तर द्यावंसं वाटलं तर दे.

सगुण

*

आंबेखण,
२७ मार्च २०१६

चि. सगुण यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मग देव्हाऱ्यात ठेवलं. मग परत काढून वाचलं. शिक्षा शोधण्याइतकी हुशार मी कधीच नव्हते रे. नीट ऐक. म्हणजे वाच.

तुझं ते चार तोट्यांचं भांडं बसलं त्याच आठवड्यात पांडुरंगाने कमिटीची सभा बोलावली. देवळाच्या मंडपात. आम्ही बायका एका बाजूला बसलो. माझ्या यंत्राचा सेल संपला होता, मला काय ऐकू येणार? पांडुरंग हातवारे करत होता. मला वाटलं, दरवर्षीप्रमाणे शिवरात्रीच्या प्रसादाचं चाललंय, चण्याचं करायचं की शिऱ्याचं. मग सगळ्यांनी हात वर केले. शेजारच्या रुक्मिणीने मला कोपराने ढोसलं. मीही हात वर केला.

घरी आल्यावर रुक्मिणीने पाटीवर खडूने लिहून दाखवलं. दारूच्या दुकानाला गळती करणाऱ्याच्या हातचं भांडं पिंडीवर नको. मुंबईच्या कुणा भक्ताने स्टीलची दिलीय, विजेची मोटर लावलेली, तीच बसवायची. ठराव एकमताने. त्या एकमतात मी होते. आईच्या गळतीविरुद्ध तिच्या मुलीचा हात वर होता. हे तुला कसं लिहू? म्हणून लादी लिहिली, धूळ लिहिली.

मला सांगितलं होतं, जुनी कोठीत नीट ठेवू. आठ दिवसांनी फुलं घेऊन गेले आणि म्हटलं एकदा पुसून ठेवते, तर कोठीत नाही. पुजाऱ्याने खुणेने सांगितलं, भंगारवाल्याच्या टेंपोतून गेली. जुन्या घंटा, फुटकी निरांजनं आणि ती. म्हापशाला. तिथून भट्टीला.

तुला कळवावं तर तुझं काय झालं असतं ते मला माहीत होतं. पांडुरंगाकडे जावं तर तो माझ्या कानात ओरडला असता. पैसा आणि गाडी असलेला, आणि त्या भांड्याची किंमत ठाऊक असलेला माणूस सगळ्या पेडण्यात मला एकच सुचला. बसने हरमलला गेले. अडुसष्टाव्या वर्षी, सुजलेल्या गुडघ्यांनी, दारूच्या दुकानाच्या चार पायऱ्या चढले. बाहेरच्या बाकावर दोघे गोरे बसले होते, त्यांनी उठून मला जागा दिली. त्यांना वाटलं असेल, म्हातारी प्यायला आली.

शंभूला सगळं सांगितलं, तो उठला. दुकान बंद केलं आणि मला स्कूटरवर मागे बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसले ती दारूवाल्याच्या. रस्ताभर त्याच्या खांद्याला धरून मी देवाचं नाव घेत होते, आणि तो काहीतरी मोठ्याने बोलत होता, ते मला ऐकू येत नव्हतं. भंगारवाल्याने ती हातोडीने चेपायला घेतलीच होती. एक घाव बसला होता. तोच तुला दिसला तो पोचा. शंभूने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली.

मी त्याला म्हटलं, घरी नेली तर रुक्मिणी बघेल आणि कधीतरी सगुणही बघेल. तुझ्याकडे माळ्यावर पिशवीत ठेव, आणि सगुणला अवाक्षर बोलू नकोस. टांगायची त्याची त्यानेच ठरवली. का ते त्यालाच विचार.

टांगल्यावर त्याने निरोप पाठवला तेव्हा एकदा बघायला गेले होते. थेंब पडतो का ते मला कानाने कळणार नव्हतं. म्हणून खाली तळहात धरला. एक पडला. तो फुटला. मग दुसरा पडला. तू लिहिलं होतंस तसंच.

दारूच्या दुकानात आईचं नाव जाणार, हे मला ठाऊक होतं. भट्टीत जाण्यापेक्षा ते बरं वाटलं. चूक असेल तर आता तू रागाव, मी ऐकून घेईन. ऐकू आलं तर.

तुझी
अक्का

*

डिचोली,
१४ मे २०१६

ती. अक्कास सगुणचा शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षय तृतीयेला तुझ्याकडे येऊन गेलो तरी हे पत्र लिहितोय, कारण काही गोष्टी तुला अंगणात सांगायच्या तर ओरडून सांगाव्या लागल्या असत्या, आणि त्या आधी रुक्मिणीला ऐकू गेल्या असत्या.

तुझं मार्चचं पत्र आलं त्यानंतर पंधरा दिवस मी काहीच केलं नाही. उत्तरही लिहिलं नाही. तुझ्यावर राग नव्हता. कुणावर काढायचा तेच समजेना, आणि शोधायला अंगात बळ नव्हतं. एक दिवस उठलो आणि हरमलला गेलो.

शंभू जाळ्यासारखी टोपी घालून खिडक्यांच्या काचा पुसत होता. मला बघून खाली उतरला. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "मेस्त, माळ्यार दवरली तर तांबें काळें पडटा. आनी पाणी नाशिल्ली गळती म्हणल्यार कितें? म्हणून हुमकळायली. वायट दिसलें जाल्यार माका मारात."

या वेळी मी जवळ गेलो. त्या हिरव्या वाडग्यात एक वाटोळा दगड होता, नदीतला, मुठीएवढा. थेंब बरोबर त्याच्या माथ्यावर पडत होता. त्या कोपऱ्यात खुर्ची नव्हती, कोप ठेवायला जागा नव्हती. शेवंतीला म्हटलं, हा दगड कुणी ठेवला? ती म्हणाली, "उगीच वाडग्यात पाणी पडताना बरा दिसेना हो. तेरेखोलच्या पात्रातलो आसा." वाडगा भरला की ती तो मागच्या माडाच्या मुळात ओतते. गिऱ्हाइकांनी विचारलं तर दोघं सांगतात, ते विकायचं नाही, ते आमच्या मास्तरीणबायच्या आईचं.

मी खुर्चीवर बसलो. शंभूने कोप भरला आणि माझ्याच भांड्याखाली सरकवला. अडकलेली तोटी अजून अडकलेलीच होती, बाकीच्या तिन्हींवर त्यांचं काम चाललं होतं. तो कोप पांढरा होईपर्यंत मी गळतीकडे बघत होतो. प्यायलो नाही. तोटी उघडली, कळंक काढला, वात बदलली. आंबेखणसाठी आणलेलीच वात होती. मग त्याला म्हटलं, गळती घेऊन जातो. तो स्टूलवर चढला आणि उतरवून दिली. पैसे काढले तर म्हणाला, "मास्तरणीन माका पाडे शिकयले. तेचे पैशे हांवें खंय दिले?" मी पिशवीतून एक लहान समई काढून शेवंतीच्या हातात ठेवली. तिने ती दगडाशेजारी ठेवली. कोपरा आता रिकामा नाही.

पोचा मी काढलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बाहेरून ठोकला असता तर निघाला असता, पण तांबं तिथे पातळ झालंय. राहू दे. तुझ्या तुळशीवर टांगताना तू विचारलंस, "वैशाखात सगळेच तुळशीला गळती लावतात, ज्येष्ठात काय करशील?" मी हसून दोरीची गाठ आवळली. ज्येष्ठातही ती तिथेच राहील. तळहात खाली धरून रोज एकदा बघत जा. वात सैल वाटली तर बोटाने आत ढकल, जोराने नाही.

आता जे अंगणात सांगितलं नाही ते.

अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी पांडुरंग माझ्याकडे आला होता. शेडच्या दारात उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. मी स्टूल दिलं. म्हणाला, "सगुणा, मोटर जळली रे. वीज गेली का पाणी बंद, वीज इली का नळासारखी धार. भट म्हणता, ह्यो अभिषेक न्हय, आंघूळ. गावात बोलतत."

मी म्हटलं, "मग?"

"तुजी गळती खंय आसा ता आमका कळलां. जाला ता जाला. देवाक राग नसता." मग घाम पुसला. "शुद्ध करून परत बसवया म्हणता कमिटी. दारूच्या दुकानात टांगलेली म्हणून लोक जरा बोलतले, तेवढां एक..."

"तेवढं एक काय?"

"नाव घासून काड. आईचां. नाव गेलां का भांडां नुसतां भांडां. कोण काय बोलाचा नाय."

मी त्याला पाणी दिलं. तो पाणी पिऊन झाल्यावर मी म्हटलं, पांडुरंगदादा, माझं एक यंत्र होतं, नाव नसलेलं, ते कुणाचंही झालं. हे नाही होणार. त्याने परत घाम पुसला. तोही थकलेला दिसत होता. साठीचा माणूस, भर उन्हात बसने आलेला. रिकाम्या हाताने परत जाणं त्याला जड जात होतं, आणि त्याला तसं पाठवणं मलाही. पण पाठवला.

त्याने आणलेलं कमिटीचं म्हणणं पुरतं सांगतो: गळती परत पिंडीवर, माझा मंडपात नारळ-शालीने सत्कार, काठावरचं नाव घासून द्यायचं, आणि वर दक्षिणा. एकवीस हजार एक रुपये. मी नाही म्हटलं.

तुझा
सगुण